लेफ्ट बॅक कुठे गेले? जागाबदलाच्या प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर २०२५

फेब्रुवारीत 'फुटबॉल मॅनेजर २५' हा संगणकावर संघ चालवायचा गेम रद्द झाल्याची बातमी आली, त्या रागात स्वतःच तसा गेम लिहायचा हा प्रकल्प सुरू केला होता. मंगळवारी, ४ तारखेला, पुढचा 'फुटबॉल मॅनेजर २६' बाजारात आला. राग गेला, प्रकल्प मात्र गळ्यात राहिला.

आजवर झालेलं काम: १२ संघ, प्रत्येकी २२ खेळाडू, म्हणजे २६४ माणसं एका एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) फाइलमध्ये. पायथनमध्ये लिहिलेलं मॅच इंजिन, म्हणजे सामना खेळवणारा भाग, चालतं, गुणतक्ता बनतो, चित्रबित्र काही नाही, काळ्या पडद्यावर नुसता मजकूर. खेळाडूंना अजून नावं नाहीत, फक्त संघ आणि शर्टाचा नंबर. संघांना कोल्हापूरच्या तालमींची (तिकडे पेठेपेठेतल्या तालमींचेच फुटबॉल संघ असतात) नावं द्यायचा मोह आवरला आहे. एका पेठेचा संघ हरताना दाखवला तर सुट्टीत घरी जायची सोय राहणार नाही.

गुरुवारी ऑफिसातल्या मित्राला खेळायला दिलं. त्याने गोलकीपर सोडून दहाच्या दहा स्ट्रायकर, म्हणजे पुढे राहून गोल मारणारे, उतरवले आणि लीग जिंकली. म्हणाला, "मस्त आहे रे, सोपं आहे." सोपं असणारच. खेळाडूची जागा एका कॉलममध्ये लिहिलेली आहे, पण मॅच इंजिन तो कॉलम वाचतच नाही. स्टॉपरला (गोलसमोरच्या मधल्या बचावपटूला) पुढे टाका नाहीतर विंगरला (कडेने चढाई करणाऱ्याला) मागे, आकडे तेच.

तर आता जागाबदल. फुटबॉल मॅनेजरमध्ये प्रत्येक खेळाडूला प्रत्येक जागेसाठी १ ते २० असा आकडा असतो, आणि पडद्यावर तो आकडा न दाखवता शब्द आणि रंग दाखवतात. २० ची मोजपट्टी तिथूनच उचलतोय. आमच्याकडे शाळेत चाचणी २० मार्कांचीच असायची, त्यामुळे ७ म्हटलं की काय ते लगेच कळतं.

९ नोव्हेंबर

जागा नऊ ठेवल्या: गोलकीपर, राइट बॅक (उजव्या कडेचा बचावपटू), स्टॉपर, लेफ्ट बॅक (डाव्या कडेचा), डिफेन्सिव्ह मिडफिल्डर (बचावफळीच्या पुढ्यातला), सेंट्रल मिडफिल्डर, राइट विंगर, लेफ्ट विंगर, स्ट्रायकर. एका जागेवरून दुसऱ्या जागेचं 'अंतर' सांगणारा ९ बाय ९ चा तक्ता. खेळाडू ज्या जागी कधीच खेळलेला नाही, तिथला त्याचा सुरुवातीचा आकडा म्हणजे २० वजा अंतर.

अंतर कसं काढायचं? सकाळी आळस केला. मैदानाच्या चित्रावर नऊ ठिपके मांडले आणि पट्टीने मोजावं तसं सरळ अंतर काढलं. चहा होईपर्यंत तक्ता तयार. चहा पिताना वाचला आणि खोडला. त्यात लेफ्ट बॅकला सगळ्यांत जवळचा कोण, तर स्टॉपर. कागदावर शेजारी आहेत, खरं. पण लेफ्ट बॅकला डाव्या हाताला कायम चुन्याची रेघ असते. तिकडून कुणी येत नाही, तिकडे बघायचं नाही. तो अर्ध्या वर्तुळात खेळतो. लेफ्ट विंगरही त्याच रेघेवर, त्याच अर्ध्या वर्तुळात, फक्त चाळीस पावलं पुढे. गॅरेथ बेल २००७ मध्ये साउदॅम्प्टनहून टॉटनहॅमला आला तो लेफ्ट बॅक म्हणून. ऑक्टोबर २०१० मध्ये मिलानच्या सान सिरो मैदानावर इंटर मिलानविरुद्ध तीन गोल मारले ते डाव्या विंगेवरून. रेघ तीच होती.

मधल्या माणसाला मात्र चारही बाजूंनी पाठ असते.

दुसरी गोष्ट दुपारी लक्षात आली. मी तक्त्याचे अर्धेच, ३६ आकडे भरत होतो. उरलेले ३६ आरशासारखे उलटे. पण जायचा रस्ता आणि यायचा रस्ता एका मापाचा नसतो. मिडफिल्डर मागे सरकून स्टॉपर झाला तर खेळ समोर दिसतो, वेळ थोडा जास्त मिळतो. स्टॉपरला पुढे मिडफिल्डमध्ये ढकललं तर पाठीमागून कोण येतंय हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा बघावं लागतं. म्हणून ७२ च्या ७२ आकडे हाताने भरले. रात्रीचे साडेअकरा. लेफ्ट बॅक ते लेफ्ट विंगर ७, उलट १०. विंगर ते स्ट्रायकर ९. स्टॉपर ते स्ट्रायकर १७, म्हणजे आकडा ३. दहा स्ट्रायकरवाल्या मित्रासाठी स्ट्रायकर ते स्टॉपर १६ ठेवलंय.

१५ नोव्हेंबर

आकडे भरले, पण ते लावायचे कुठे? पहिल्या फटक्यात सगळ्या गुणांना एकच टक्केवारी लावली. जागेचा आकडा १० असेल तर वेग निम्मा, शूटिंग निम्मं, उडी निम्मी. मॅच चालवली तर विंगर लेफ्ट बॅकला गेला की लंगडायला लागायचा. हे मूर्खपणाचं आहे. जागा बदलली म्हणून पाय बदलत नाहीत.

आता फटका फक्त तीन गुणांना: निर्णय, जागा धरणं आणि अंदाज. पाय तसेच, नजर कच्ची. फरक लगेच दिसला. संघ ४ चा ११ नंबर, वेग १७, लेफ्ट बॅकला टाकला. ६३ व्या मिनिटाची नोंद: "११ नंबर पुढे राहिला, मागे मोकळी जागा, क्रॉस, हेडर, गोल." पुढच्याच ओळीत: "११ नंबर धावत परत." पोचला, पण गोल झाल्यावर. हाच तर विंगरचा लेफ्ट बॅक!

शिकण्याचा वेग असा: आठवड्याच्या सरावाने ०.१, पूर्ण ९० मिनिटांच्या मॅचने ०.४. आणि नुसत्या सरावाने आकडा १२ च्या वर जाणार नाही. मोठ्या गेममध्ये मला हीच खोड होती, राखीव खेळाडूला सरावात नवी जागा लावून द्यायची आणि विसरून जायचं. वर्षभराने बघावं तर गडी तयार. माझ्या गेममध्ये मॅचमध्ये मार खाल्ल्याशिवाय १३ दिसणार नाही. त्यासाठी मॅनेजरला गुणतक्त्यातले काही गुण गमवावे लागतील. गमवावेत.

वयाचा गुणक: २१ पर्यंत १.३, २५ पर्यंत १, २८ पर्यंत ०.८, पुढे ०.६. शिवाय प्रत्येकाला 'लवचीकपणा' हा लपवलेला आकडा, तोही १ ते २०. तो मॅनेजरला कधीच दिसणार नाही.

२२ नोव्हेंबर

सूत्र बरोबर आहे का हे तपासायला खऱ्या माणसांची उदाहरणं चाचणीच्या फाइलमध्ये घातली.

थिएरी आँरी. १९९९ च्या ऑगस्टमध्ये युव्हेंटसहून आर्सेनलला आला. युव्हेंटसने त्याला विंगेवर घासला होता. आर्सेनलचा मॅनेजर वेंगरने मध्ये आणला. पहिल्या आठ सामन्यांत गोल नाही, आणि सीझन संपला तेव्हा लीगमध्ये १७. माझ्या सूत्राने विंगर ते स्ट्रायकर ११ पासून सुरुवात. आठ आठवडे, आठ मॅच: ०.८ अधिक ३.२, म्हणजे ४. आकडा १५. तिथून पुढे गोल सुरू व्हावेत असं इंजिन म्हणतं. बसलं! (प्रामाणिकपणे लिहून ठेवतो: ०.४ हा आकडा आधी ०.३ होता. मागचं पान उघडून उत्तर बघितलं आणि मग गणित केलं.) शिवाय आँरी मुळात पोरवयात पुढेच खेळायचा, त्यामुळे त्याचं हे पूर्ण स्थलांतर म्हणता येणार नाही.

आंद्रेआ पिर्लो. २००१ मध्ये ब्रेशियाला उधारीवर. दहा नंबरची (स्ट्रायकरच्या मागून खेळ रचणाऱ्याची) जागा रोबेर्तो बाज्जोकडे, तिथे कोण हलवणार? तिथला प्रशिक्षक मॅझोनेने पिर्लोला बचावफळीच्या पुढ्यात बसवलं. वय २१. पुढे मिलानला प्रशिक्षक अँचेलॉटीने तेच चालू ठेवलं. या उदाहरणाने माझं सूत्र पास केलं, पण एक प्रश्न सोडला. पिर्लो मागे आला म्हणून चांगला डिफेन्सिव्ह मिडफिल्डर झाला असं नव्हे. त्याने त्या जागेचं कामच बदललं. टॅकल करणारा जिथे उभा असायचा तिथे पास देणारा उभा राहिला. माझ्या तक्त्यात जागा आहे, जागेवरचं काम नाही. हे आज सुटणार नाही. यादीत टाकलं.

माशेरानो. २०१० मध्ये लिव्हरपूलहून बार्सिलोनाला, वय २६, उंची स्टॉपरला शोभेल अशी मुळीच नाही. २०११ ची वेम्बलीवरची चॅम्पियन्स लीग फायनल स्टॉपर म्हणून खेळला. आणि २०१४ च्या विश्वचषकात अर्जेंटिनासाठी परत मिडफिल्डमध्ये. क्लबात एक, देशासाठी दुसरी. माझ्या सूत्राने त्याला नापास केलं, कारण मी उंचीला स्टॉपरमध्ये फार वजन दिलं होतं. वजन कमी केलं. आता संघ ७ चे दोन बुटके स्टॉपर खुशीत असतील.

६ डिसेंबर

आज मोठा बग, आणि गमतीदार.

संगणकाच्या मॅनेजरांनाही जागाबदलाची मुभा दिली आणि रात्रभर १५ सीझन चालवून झोपलो. सकाळी गुणतक्ते व्यवस्थित, गोलांची सरासरी व्यवस्थित. सहज म्हणून जागांची मोजणी केली. १२ संघांत मिळून सेंट्रल मिडफिल्डर १४१. लेफ्ट बॅक ३.

तीन! त्यातला एक ३६ वर्षांचा.

राइट बॅकही संपत आलेले. कुणी मारले? इंजिनमध्ये शोधलं, नव्या पोरांच्या भरतीत शोधलं, दुपार गेली. शेवटी सापडलं ते वजनांच्या तक्त्यात. प्रत्येक जागेसाठी कुठल्या गुणाला किती वजन, ते मी महिनाभर हाताने खालीवर करत होतो, आणि त्यांची बेरीज १ येते का हे कधी पाहिलंच नाही. सेंट्रल मिडफिल्डरची बेरीज १.१५. लेफ्ट बॅकची ०.९. म्हणजे तोच खेळाडू मिडफिल्डमध्ये ठेवला की कागदावर आपोआप पाव पटीहून जास्त चांगला. संगणकाचा मॅनेजर कागदच वाचतो. बारा जणांनी पंधरा वर्षं शहाणपणाने एकेक लेफ्ट बॅक मध्ये ओढला आणि सगळी लीग मधोमध गर्दी करून खेळत राहिली.

गोलांची सरासरी तरीही बिघडली नाही, याचीच जास्त भीती वाटते. सगळ्यांचंच बिघडलं की तक्ता निरोगी दिसतो.

७ डिसेंबर

वजनांची बेरीज आता चाचणीतच तपासली जाते. १ नसेल तर प्रोग्राम सुरूच होत नाही. शिवाय संगणकाच्या मॅनेजरला आधी मोजायला लावलं: त्या जागी दोन माणसं उरत नसतील तर तिथला माणूस हलवायचा नाही. पुन्हा १५ सीझन. लेफ्ट बॅक ३१. ठीक.

२० डिसेंबर

दोन आठवडे ऑफिसच्या रिलीजमध्ये गेले.

आज क्रॅश. संघ ९ चा गोलकीपर ७८ व्या मिनिटाला लाल कार्ड घेऊन बाहेर, तिन्ही बदल संपलेले, प्रोग्रामने गोलकीपर शोधला, कुणी सापडेना, मान टाकली. खऱ्या मैदानावर अशा वेळी कुणीतरी हातमोजे घालतोच. १४ ऑक्टोबर २००६ ला रीडिंगविरुद्ध चेल्सीचे दोन्ही गोलकीपर, चेक आणि कुडिचिनी, जखमी झाले आणि स्टॉपर जॉन टेरी गोलमध्ये उभा राहिला. नोव्हेंबर २०१९ मध्ये अटलांटाविरुद्ध मँचेस्टर सिटीचा राइट बॅक काइल वॉकर. दोघांनीही उरलेल्या वेळात गोल खाल्ला नाही, पण त्यावरून सूत्र बनवलं तर माझ्या लीगमधले सगळे मॅनेजर राइट बॅकला गोलमध्ये घालतील. मैदानातल्या कुणाचाही गोलकीपरचा आकडा १ ठेवला, निवड उंचीवर. विषय संपला.

२७ डिसेंबर, कोल्हापूर

सुट्टीला घरी. संध्याकाळी मामा आले होते. मामा पंधराएक वर्षं पेठेतल्या संघाकडून खेळले, आता गुडघे गेलेत. लॅपटॉपवर काय चाललंय विचारलं म्हणून दाखवलं: हा ९ नंबर स्ट्रायकर, याला स्टॉपर केला तर आकडा ४, मग शिकत शिकत वर जातो.

मामांनी चष्मा वर केला. "मला केलता की तसं. सेंटर फॉरवर्डचा स्टॉपर. एक्क्याण्णव साली. आमचा स्टॉपर नोकरीला गेला मुंबईला, आन् कोच म्हणाला, उद्यापास्नं तू मागं."

"अवघड गेलं?"

"पळायचं तेवढंच की. उलट कमीच. पर तोंड फिरलं ना." त्यांनी चहाचा कप आपल्यासमोर ठेवला, मग उचलून पाठीमागे खिडकीत ठेवला. "फॉरवर्डला गोल ह्यो असा पाठीमागं असतोय. बॉल घ्यायचा, अंगावर माणूस घ्यायचा आन् वळायचं. जमलं तर टाळ्या. न्हाई जमलं तर लोक हळहळत्यात, पुन्हा बॉल देत्यात. आता स्टॉपर. सगळं म्होरं दिसतंय, सोपं हाय. पर सवय कुठं जातीया? पहिलीच मॅच, शाहू स्टेडियमवर. बॉल आला पायात, आपल्याच गोलाम्होरच्या डीच्या तोंडाला. एकाला काढला. लई भारी काढला. गॅलरीतनं आवाज आला, मी म्हटलं अजून एक काढावा."

पुढे काही बोलले नाहीत. कप परत आणून चहा पिऊन टाकला.

"मग?"

"मग काय. एकशून्यनं हरलो. अजून दिसतोय त्यो बॉल." उठताना म्हणाले, "तुझ्या ह्या ९ नंबरला कुणी इचारलं का, बाबा तू मागं जातोस का? मला न्हवतं इचारलं."

माझ्या तक्त्यात यातलं काहीच नाही. नजर कच्ची पडते एवढं मी धरलं होतं. पण मामांची नजर नव्हे, हौस नडली. त्यांना दुसरा माणूस दिसत होता.

३ जानेवारी २०२६

नवा आकडा: 'जोखीम'. प्रत्येक जागेची एक सवयीची पातळी असते. स्ट्रायकरची १६, स्टॉपरची ४. खेळाडू नव्या जागी गेला की जोखमीचा आकडा जुन्या जागेचाच घेऊन जातो, आणि तो जागेच्या आकड्याच्या निम्म्या वेगाने बदलतो. म्हणजे मधे एक काळ असा येतो की तक्त्यात माणूस १४ चा स्टॉपर दिसतो, पण डोक्याने अजून स्ट्रायकर असतो. सर्वांत धोक्याचा काळ हाच, कारण मॅनेजर निर्धास्त झालेला असतो.

उलट बाजूने मजा वेगळी. स्टॉपरला पुढे नेला की तो बॉल मिळाला रे मिळाला की पास करतो. संघ २ चा ५ नंबर स्ट्रायकर म्हणून १० मॅच खेळला, त्यात गोलवर फटके एकूण ४. चारही हेडर.

विचारण्याची सोयही केली. 'जागा बदला' दाबल्यावर आता दोन पर्याय: 'सांगा' आणि 'विचारा'. विचारलं तर खेळाडू नाही म्हणू शकतो. वय जास्त आणि मूळ जागेवर गोल बरेच असतील तर बहुधा नाहीच म्हणेल. हो म्हणाला तर शिकण्याचा वेग सव्वापट. नुसतं सांगितलं तर कधी नाही म्हणत नाही, पण वेग पाऊणपट आणि सहा महिने तोंड वाकडं.

१० जानेवारी

जुन्या जागेचं काय करायचं हा प्रश्न राहिला होता. न वापरलेली जागा महिन्याला ०.२ ने उतरत होती. मग फिलिप लाम अडला. २०१३ मध्ये प्रशिक्षक ग्वार्दिओलाने बायर्नमध्ये त्याला राइट बॅकवरून मिडफिल्डला नेलं, २०१४ च्या विश्वचषकात जर्मनीकडूनही तो मध्येच सुरू झाला. फ्रान्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात जर्मनीचा प्रशिक्षक लोव्हने त्याला परत राइट बॅकला ठेवलं, आणि तिथूनच त्याने कप उचलला. वर्षभर दूर राहून त्याचं काही उतरलेलं दिसलं नाही. माझ्या सूत्रात तो १७.६ वर आला होता.

म्हणून पहिली जागा वेगळ्या कॉलममध्ये, आणि ती उतरतच नाही. बाकीच्या शिकलेल्या जागा उतरतात. त्या कॉलमला 'माहेर' नाव दिलं. मागून कोड वाचणारा हसेल, पण विसरणार नाही.

जुन्या सेव्ह फाइल या कॉलमाशिवाय उघडत नाहीत. एका ओळीचं स्थलांतर लिहिलं: माहेर रिकामं असेल तर आताची जागाच माहेर. यात आधीच जागा बदललेल्यांचं खरं माहेर पुसलं गेलं. संघ २ चा ५ नंबर आता जन्माचा स्ट्रायकर आहे. चार हेडरांसकट.

२५ जानेवारी, कोल्हापूर

जोडून सुट्टी. मामांना गेम लावून दिला, संघ ६. ९ नंबर तिथला चांगला आहे, शूटिंग १६, वय २७. मी मुद्दाम तोच संघ दिला होता आणि शेजारी बसून वही उघडली होती.

पहिल्या दोन मॅच मामा काही न बदलता खेळले. एक जिंकली, एक बरोबरी. तिसऱ्या मॅचला स्टॉपर दुखावला, ३-० ने हरले. मामांनी खेळाडूंची यादी वर-खाली केली. ९ नंबरवर थांबले. 'जागा बदला'. स्टॉपर. खाली दोन्ही पर्याय आले, आणि मामांनी क्षणभरही न थांबता 'सांगा' दाबलं.

मी म्हटलं, "मामा, विचारायचं ना त्याला."

"आरं तीन गोल खाल्ल्यात," मामा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "आता काय इचारत बसतोस."

चौथी मॅच, ५२ वं मिनिट: "९ नंबरने स्वतःच्या डीमध्ये एकाला चकवलं." मामांचा हात माउसवरून उचलला गेला.

कामाची यादी: सेव्ह फाइलीचं स्थलांतर दुरुस्त करणे. पिर्लोचा प्रश्न. मजकूर पुढे सरकण्याचा वेग कमी करणे. ५२ व्या मिनिटानंतरची ओळ मामांना वाचायला मिळाली नाही, परत दाखव म्हणाले.